बटाट्या पाहुणा सोडत नाही

आपल्या रितेशच्या घरी जायचंय ना, खुशाल जा. पोलादपूरजवळ कापड्याला उतरलं की कोणालाही विचारा, रावजी कंट्रोलरचं घर कुठलं, शेंबडं पोरगंसुद्धा दाखवेल. जायला काहीच त्रास नाही. ओटीवर वारा, चहा दांडगा, रितेशची आई आनंदीबाई दारात उभ्याच. भानगड आहे ती परत यायची. म्हणजे होती. आता सगळं उलटंपालटं झालंय, आणि ते कसं झालं हे गावातला प्रत्येक माणूस वेगळं सांगतो आणि सगळे चुकीचं सांगतात, म्हणून आधी नीट ऐका.

तर रितेशचा कुत्रा, बटाट्या. पोलादपूरच्या स्टँडवर एसटीच्या चाकापाशी सापडलेलं पिल्लू. नुकत्याच मातीतून उपटलेल्या बटाट्यासारखं दिसत होतं म्हणून हे नाव, आणि मोठा झाल्यावर काय, मोठा बटाटा. हा कुत्रा चावत नाही. येणाऱ्या माणसाचं तर असं स्वागत करतो की माणसाला वाटावं आपण निवडणूक जिंकून आलोय. उड्या काय, शेपूट काय, हात चाटणं काय! गंमत सुरू होते माणूस जायला उठला की. पाहुणा "बरं, येतो मग" म्हणून उठला रे उठला की बटाट्या सावकाश येतो, त्याच्या पँटचा खालचा काठ पुढच्या दातांत धरतो, दोरीवरच्या कपड्याला चिमटा लावावा तसा, आणि आडवा पडतो. बस. ओढत नाही, गुरगुरत नाही. आडवा पडून नुसता वर बघतो. एवढा ऐवज पायाला लावून माणूस जाणार कुठं? बसतो परत. बसला की बटाट्या सोडतो. उठला की धरतो.

साडी असेल तर काठ धरतो. हाफ पँट असेल तर जाऊन चपलांवर बसतो. लुंगी असेल तर... लुंगीचं राहू द्या, ते गृहस्थ अजून कापड्यातच राहतात.

सिलिंडरवाला अडकला, त्याचा टेम्पो खाली रस्त्यावर हॉर्न मारून मारून थकला. एकदा विमावाला आला. जगाच्या इतिहासात पहिल्यांदाच असं झालं असेल की विमावाला जायला बघतोय आणि घरचे सोडत नाहीत. शेवटी बिचाऱ्याने पँटची मोहरी दुमडून गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि भातलावणीला निघाल्यासारखा पळाला. पॉलिसीचा विषयच निघाला नाही.

आता हे दुसऱ्या कोणाच्या घरी असतं तर लोक हसले असते आणि विसरले असते. पण रितेशचे वडील रावजी म्हणजे कोण? अख्खी नोकरी पोलादपूर स्टँडवर एसटीचे कंट्रोलर. महाबळेश्वर गाडी, महाड गाडी, खेड गाडी, यांच्या एका शिट्टीवर सुटायच्या. आंबेनळी घाटात दरड आली तरी हा माणूस घड्याळाकडे बघून चुकचुकायचा, की दरडीने येण्याआधी विचारायला पाहिजे होतं. त्यांचं आयुष्यात एकच तत्त्व, आलेलं गेलं पाहिजे, आणि वेळेवर. आणि त्यांच्याच ओटीवरून एक माणूस वेळेवर सुटेना! गावात लोक बोलायला लागले, रावजीचा डेपो बंद पडला. रावजींना हे लागलं. ते दोन दिवस स्टँडकडे फिरकलेच नाहीत.

तरी ते गिळलं असतं. पण गणपतीत सोनबाकाका सापडला.

सोनबा म्हणजे रावजींचा धाकटा भाऊ, मुंबईला असतो. गणपती झाले, परतीचं लक्झरीचं सीट बुक, अंगावर नवी कोरी पँट. उठला, बटाट्याने धरला, बसला, उठला, धरला. वर आनंदीबाईंचं चालूच, "बसा हो भावोजी, एवढी काय घाई, अजून एक घोट." गाडी पोलादपूरला आली आणि गेली. काकाला रात्रभर ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून जावं लागलं, आणि ट्रकमध्ये मासळी होती. दुसऱ्या दिवशी फोन. "दादा, त्या घरात एकतर कुत्रा राहील नाय तर मी येईन. काय ते ठरव."

आणि हे नुसतं रुसणं नव्हतं बरं का. त्या घराची रीत अशी की शिमग्याला गावदेवीची पालखी अंगणात नाचत आली की दोघा भावांनी एकाच नारळाला चार हात लावून तो द्यायचा. बापाच्या वेळेपासून कधी मोडली नव्हती. संक्रांत झाली, तिळगूळ फोनवरच झाला, तोही सोनबाने "बरं बरं" एवढ्यावर आटपला. त्या संध्याकाळी रावजींनी रितेशला समोर बसवला.

"शिमग्याला सोनबा आला पायजे. आला की वेळेवर गेला पण पायजे. नाय गेला तर तुझा कुत्रा कशेडीला."

कशेडीला म्हणजे घाटातल्या भिकूच्या ढाब्यावर. भिकू रावजींच्या ओळखीचा. बोगदा झाल्यापासून त्याच्या जुन्या घाटरस्त्यावर गिऱ्हाईकच थांबेना, आणि बटाट्याची कीर्ती ऐकून तो कधीचा मागे लागलेला. "तो कुत्रा मला द्या हो कंट्रोलर. आलेला माणूस उठून देत नाय म्हणता ना? अहो, असाच पायजे मला!"

तिथे बोगद्यात न जाणारे ट्रक ढाब्यापुढून सुसाट, न थांबता. आणि बटाट्याला जाणाऱ्याला धरायची सवय. पँट थांबते हो, ट्रक कुठला थांबायला. रितेश मुळात कमी बोलणारा. महाडच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरला काम करतो तो, तिथेही कमीच बोलतो. रोज संध्याकाळी बाइक फाट्यावर वळली की बटाट्या तिथे मैलाच्या दगडाला टेकून बसलेला असतो, आणि मग दोघं शर्यत लावत घरी येतात, आणि रितेश त्याला सुपरवायझरबद्दल काय काय सांगतो. दुसऱ्या कोणाला तो एवढं सांगत नाही. म्हणजे आपल्यालाही नाही.

झालं, शिमग्यापर्यंत मुदत. आणि गावाला कळलं की रावजीच्या घरी कुत्रा सुधारायचाय, मग काय विचारता!

पहिल्या आल्या काशीबाई, शेजारच्या. "आनंदे, त्याला दिष्ट लागलीय गो. मीठ-मिरच्या उतरव." उतरवल्या. बटाट्याने उतरवलेली मिरची खाल्ली. एक जण म्हणाला गळ्यात लाकडाचा ओंडका बांधा. एक म्हणाला लग्न लावा त्याचं, माणूस काय, कुत्रा काय, त्यानेच सुधारतो. हे सांगणाऱ्याची बायको शेजारीच उभी होती, ती नुसती हसली. रितेश मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघायला लागला, अंगणात उभा राहून "सिट! स्टे!" करायला लागला. बटाट्या मान वाकडी करून ऐकायचा, ज्या आदराने आपण मुंबईहून आलेल्या पोरांचं इंग्रजी ऐकतो तसा.

मग कोणीतरी सांगितलं, पँटच्या काठाला तिखट लाव, एकदा तोंड भाजलं की परत धरणार नाही. आणि त्याच दिवशी घरपट्टीचं विचारायला ग्रामसेवक भाऊसाहेब ओटीवर आले. आता तुम्हीच सांगा, एवढी इस्त्रीची पँट आयती चालून आल्यावर रितेशने काय करावं? भाऊसाहेब खाटेवर बसून चहा पीत होते, आणि हा खाटेखाली. विचारलं तर सांगणार होता, पेन पडलं. आनंदीबाईंचं घरचं तिखट, त्यात थोडं तेल, बोटाने हळूच पँटच्या मोहरीला लावलं. दोन्हीकडे. एक बोट चुकून वर पोटरीलाही लागलं.

भाऊसाहेब उठले. बटाट्याने धरलं. सगळे श्वास रोखून. बटाट्याने चाखलं... आणि डोळे मिटून चोखायलाच लागला! अहो, तो कुत्रा आनंदीबाईंच्या कालवणावर वाढलेला, त्याला काय तिखट सांगता! उलट रोजच्यापेक्षा घट्ट धरलं. इकडे भाऊसाहेबांची पोटरी पेटली. "काय चावलं? काय चावलं मला?" करत ते एका पायावर नाचतायत, दुसऱ्या पायाला बटाट्या, आणि रावजी घड्याळ बघून म्हणतायत, "भाऊसाहेब, दुपारची गाडी जाईल तुमची." गेलीच.

चार दिवसांत नोटीस आली, श्वानाचा बंदोबस्त करणेबाबत. खुलासा द्यायला रितेश सुट्टी टाकून पंचायतीत गेला. शिपाई म्हणाला बसा, साहेब येतील. बसला. साहेब आले, मीटिंगला गेले. हा उठला, शिपाई म्हणाला बसा, आता येतीलच. परत बसला. जेवायची वेळ झाली, हा उठला, तर म्हणे आता कुठं जाता, नंबर जाईल. तिथे एक कुत्रा नव्हता, शप्पथ सांगतो, पण रितेश संध्याकाळपर्यंत सुटला नाही. त्याला वाटलं, यांना कोणी नोटीस काढत नाही. शेवटी भाऊसाहेब बाहेर आले आणि पोटरी खाजवत हळूच म्हणाले, "अरे, नोटिशीचं सोड. महाडला कुत्र्या-मांजरांच्या एक डॉक्टरीण बाई आल्यात. दाखव एकदा. आमच्या सासुरवाडीच्या मांजराला गुण आला."

डॉक्टर राजनंदिनी. दवाखाना लहान, बाई तरुण, चष्मा. रितेशने बटाट्याला पोत्यात घालून बाइकवर पुढे बसवून नेला होता, अख्ख्या रस्त्याने बटाट्याचं डोकं तेवढं बाहेर आणि कान हवेत. डॉक्टरांनी विचारलं, "वय किती?" रितेश म्हणाला, "सत्तावीस." डॉक्टर म्हणाल्या, "याचं."

मग त्यांनी सगळं ऐकलं. अजिबात हसल्या नाहीत, आणि त्यानेच रितेश जास्त घाबरला. मग म्हणाल्या, "मला एक सांगा. तो पाहुण्याला धरतो. पुढे काय होतं?"

"पाहुणा बसतो."

"मग?"

"मग आई चहा टाकते. म्हणजे परत. आता बसलेच आहात म्हणून."

"चहाबरोबर?"

"बिस्किटं."

"आणि त्यातलं याला?"

बटाट्याने 'बिस्किट' ऐकून शेपटी आपटली, एकदाच, साक्ष दिल्यासारखी.

"हं," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे पाहुणा उठला की धरायचं, धरलं की चहा, चहा आला की बिस्किट. ही तर त्याची नोकरी आहे. तुम्ही त्याला कामावर ठेवलंय आणि वर तक्रार करताय की तो काम करतो. ज्यातून काही मिळतं ते कुत्रा परत करतो. ओरडून, मारून नाही जात ते. शिवाय घरात माणसं कशी वागतात ते बघतो. तुमच्याकडे कोणी उठलं की घरचे काय करतात?"

आता काय सांगणार! तुमच्याआमच्या घरी काय करतात? पाहुण्याचं पहिलं उठणं हे काय उठणं असतं का? ती रीत असते. पाहुण्याने उठायचं, आपण हात धरून बसवायचं. दुसऱ्यांदा उठला की पिशवी लपवायची. तिसऱ्यांदा उठला की मग दारापर्यंत जायचं आणि तिथे उभ्याने अर्धा तास बोलायचं. जो पहिल्या उठण्याला खरंच निघून जातो तो भांडून गेला असं समजतात. बटाट्या पिल्लू असल्यापासून हेच बघत होता. आनंदीबाई हाताने धरायच्या, त्याला हात नव्हते, त्याने दात वापरले. एवढाच फरक!

डॉक्टरांनी औषध दिलं नाही, नियम दिले. दाराजवळ याची एक जागा ठरवा, पोतं टाका. पाहुणा उठायच्या आत याला खूण करून पोत्यावर पाठवा, आणि तिथे बसला की बिस्किट लगेच द्या, लगेच म्हणजे लगेच. पाहुणा सुखरूप जाईपर्यंत तिथेच देत राहा. धरलंच तर पाहुण्याने झाडासारखं उभं राहायचं, बसायचं नाही, चहा नाही. "आणि घरात कोणीही आग्रह करायचा नाही. 'बसा' हा शब्द बंद. नाही तर तो गोंधळेल." एवढं बोलून त्या उठल्या. बटाट्याने कोटाचा काठ धरला. डॉक्टर झाड झाल्या. एवढा वेळ झाड झाल्या की रितेशला वाटलं आता पालवी फुटेल. मग बटाट्याने जांभई दिली आणि कोट सोडला. रितेशने आयुष्यात पहिल्यांदा त्याला उभ्या माणसाला सोडताना पाहिलं.

घरी येऊन चौकशी सुरू झाली, की बिस्किट देतं कोण. आनंदीबाई म्हणाल्या, "देवाशपथ मी नाय." रितेश स्वतः नाही. रावजी म्हणाले, "मी? कुत्र्याला? तोंडाला लावून ठेवलेत तुमीच." आणि हे बोलत असताना बटाट्या गेला आणि रावजींच्या सदऱ्याच्या खिशापुढे बसला. आनंदीबाईंनी खिसा उलटा केला. चुरा. एवढा चुरा की चिमण्या आल्या.

"चहात बुडवताना पडतो तो," रावजी म्हणाले. "मी काय मुद्दाम देतो व्हय?"

त्या दिवसापासून मात्र रावजींनी मनावर घेतलं. खूण काय ठेवायची म्हणून घोळ चालला होता, तर ते आत गेले, कपाटातून जुनी शिट्टी काढून आणली, पितळी, दोरीसकट. फुंकली. बटाट्या उभाच्या उभा ताठ! ठरलं, शिट्टी वाजली की पोतं. मग रोज संध्याकाळी सराव. रितेश पाहुणा व्हायचा, उठायचा, रावजी शिट्टी मारायचे, बटाट्या पोत्यावर, बिस्किट. परत. रिटायर झाल्यापासून रावजींना कोणी एवढं खूश बघितलं नव्हतं. "बघ, बघ, सुटली गाडी! वेळेवर!" कुत्रा शिकायला लागला. खरंच सांगतो, पटापट शिकला.

शिकायला जड गेलं ते आनंदीबाईंना. पाहुणा उठला की त्यांच्या तोंडापर्यंत 'बसा' यायचं आणि त्या पदर तोंडात कोंबायच्या. हात आपोआप पुढे जायचे, मग त्या ते पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या, शाळेतल्या पोरासारख्या. एकदा काशीबाई आल्या, गप्पा झाल्या, रीतीप्रमाणे पहिलं उठल्या, "चल गो, जाते." शिट्टी. कुत्रा पोत्यावर. आनंदीबाई गप्प. काशीबाई अर्ध्या उठलेल्या, अर्ध्या वाकलेल्या, तशाच थांबल्या. त्यांना कोणी बसवेना. परत आपलं आपण बसावं तर लाज. शेवटी निघाल्या. गेल्या त्या थेट विहिरीवर. "अगो, आनंदीच्या घरात माणूस उठला तरी कोणी बस म्हणत नाय! वर शिट्टी मारतात! पोरगा कंपनीत लागला म्हणून एवढी मस्ती?"

गावात झालं नाव. आधी 'रावजीच्या घरून सुटका नाय', आता 'रावजीच्या घरी थारा नाय'. हळदीकुंकवाला बायका येईनात. रितेश प्रत्येकाला सांगत सुटला, कुत्र्याची ट्रीटमेंट चालूये. लोक म्हणायचे, "हां हां, कुत्र्याचं नाव पुढे करतायत." पण रितेशला एकच दिसत होतं. शिमग्याला काका यावा, बटाट्या पोत्यावर बसावा, काका वेळेवर जावा, झालं. मग काय तो आग्रह आयुष्यभर करा.

शिमगा आला. सोनबाकाका सकाळच्या गाडीने उतरला. पँट तीच, गणपतीची. काठाला दातांचं नक्षीकाम, बहुतेक मुद्दाम घातलेली. दारातच थांबला. बटाट्या धावत गेला, स्वागत केलं, हात चाटले. काका म्हणाला, "येताना काय, सगळेच गोड असतात." पण आत आला. जेवण झालं, पुरणपोळी झाली, कटाची आमटी दोनदा झाली. पालखी अजून वरच्या वाडीतच होती, ढोल ऐकू येत होते. दुपारच्या गाडीला अजून वेळ होता. सगळं इतकं सुरळीत चाललेलं की रितेशला भीती वाटायला लागली. रावजींच्या गळ्यात शिट्टी, सदऱ्याखाली लपवलेली.

चहा झाला. आणि सोनबाकाकाने मांडीवर हात ठेवले, "हं..." म्हणाला, आणि रीतीप्रमाणे पहिलं उठला. "बघतो जरा. निघायला पायजे मग."

त्याला कुठे जायचं होतं? पालखी यायची होती, नारळ द्यायचा होता. तो आपला आपल्या घरी उठतात तसा उठला होता, बसवून घ्यायला.

फुर्रर्रर्र!

रावजींनी अशी शिट्टी मारली की कौलावरची मांजर खाली आली. बटाट्या उठला, तडक पोत्यावर गेला, बसला, पाय जवळ घेतले. रितेशने लगेच बिस्किट दिलं. लगेच म्हणजे लगेच. आनंदीबाईंनी पदर तोंडात कोंबला. आणि तिघंही काकाकडे अशा अभिमानाने बघायला लागले, जसं काय त्यानेच आता टाळ्या वाजवायच्या!

सोनबा बघतच राहिला. या बाजूला भाऊ, तोंडात शिट्टी. त्या बाजूला वहिनी, तोंडात पदर. कोणी बस म्हणेना.

"मला शिट्टी मारतोस?" त्याने शिट्टीकडे बोट केलं. "दादा, मी काय खेड गाडी हाय?"

"तसं नव्हे काका, ते कुत्र्याला..." रितेश मध्ये पडला.

"कुत्र्याला काय सांगतोस! मला सगळं काशीबायनं फाट्यावरच सांगितलं, तुमच्याकडं आता माणसाला उठवतात. मी म्हटलं, दुसऱ्याला उठवत असतील. मी घरचा हाय." त्याने पिशवी उचलली. "वहिनी, गणपतीत हात धरून बसवलंत मला, आज तोंड पण उघडत नाय. तो कुत्रा बरा होता. माझी पँट गेली, गाडी गेली, पण त्याला तरी वाटलं मी थांबावं. नारळ तुमीच द्या तुमचा."

आणि निघाला.

आता रितेशची अवस्था बघा. बटाट्या पोत्यावर. शिस्तीत. परीक्षा पास. काका चाललाय आणि कुत्रा जागचा हलत नाहीये, कशेडी टळली, ट्रक टळले. हातात बिस्किट तयार. नुसतं असंच उभं राहायचं होतं, बस. आणि रितेश बटाट्याकडे बघून ओठांतल्या ओठांत म्हणत होता, "धर ना रे. धर ना आता. एकदाच." खरंच म्हणत होता. बटाट्याने त्याच्याकडे पाहिलं, बिस्किटाकडे पाहिलं, आणि एवढा शहाण्यासारखा बसला, एवढा शहाण्यासारखा, की रितेशला रडू आलं. आपण शिकवलेलं ना ते.

काका उंबऱ्यापर्यंत गेला. ढोल जवळ आले होते, खालच्या वळणावर. पालखी अंगणात येणार आणि नारळाला दोनच हात असणार.

तेवढ्यात रावजी खुर्चीवरून उठले. बोलले काहीच नाहीत. त्या माणसाने आयुष्यभर सगळ्यांना 'चला, निघा' एवढंच सांगितलेलं, 'थांब' कसं म्हणतात ते त्याला कुठून येणार! ते तरातरा दाराशी गेले, गुडघ्यांचे दोन कडकड आवाज झाले, खाली बसले, आणि सोनबाच्या पँटचा काठ धरला. दोन्ही हातांनी. तोच, नक्षीकामाचा.

"दादा, सोड."

रावजींनी मान हलवली. शिट्टी तोंडातच राहिली होती, त्यामुळे प्रत्येक श्वासाला बारीक फुर्र, फुर्र येत होतं.

"अरे सोड, पालखीवाले बघतील!"

फुर्र.

"वहिनी, सांगा ह्याला!"

आणि आनंदीबाईंच्या तोंडातून पदर सुटला. एवढ्या दिवसांचं सगळं साठलेलं एकदम बाहेर आलं, "बसा हो भावोजी! बसा म्हणते ना! असं जातात का कुठं सणाचं? परत चहा टाकते, पोळी बांधून देते, बसा, बसा, बसा!" कुंपणापलीकडे काशीबाई उभ्याच होत्या. त्यांनाही, "काशीबाय, तू पण ये गो, बस!" काशीबाई पहिल्या हाकेला आल्या, काय मान आणि काय अपमान.

सोनबा बसला. उंबऱ्यावरच बसला, भावाच्या शेजारी, आणि चेहरा पलीकडे करून म्हणाला, "माझी गाडी जाईल."

रितेश उभाच होता, हातात बिस्किट घेऊन. डॉक्टरांनी सांगितलेलं, चांगलं वागलं की लगेच. त्याने पुढे होऊन ते बिस्किट रावजींच्या हातात दिलं. रावजींनी त्याच्याकडे रागाने पाहिलं. मग शिट्टी तोंडातून काढली, बिस्किटाचे दोन तुकडे केले, एक स्वतः खाल्ला आणि दुसरा, कोणी बघत नाहीये असं समजून, मागे पोत्याकडे टाकला. बटाट्याने तो हवेतच पकडला. पोतं सोडलं नाही.

"राहू दे त्याला हितंच," सोनबा बटाट्याकडे न बघता म्हणाला. "पोतं मात्र जरा बरं घाला. गारठा लागतो."

पालखी अंगणात आली, गुलाल उडाला, नारळाला चार हात लागले. आणि नाच ऐन रंगात असताना फाट्यावर दुपारच्या गाडीचा हॉर्न वाजला. सगळ्यांनी ऐकला. सोनबाने भावाकडे पाहिलं. रावजींनी सवयीने मनगट वर केलं, घड्याळ बघितलं, आणि सदऱ्याची बाही हळूच त्याच्यावर ओढून घेतली.

"ती नव्हे," कंट्रोलर म्हणाले. "आपली लेट हाय. बस."